वीट कुणाची वाचली?

अर्थशास्त्राच्या तासाला ‘श्रमाची उत्पादकता’ हे शब्द आले की माझ्या डोळ्यांसमोर घमेले येते. माझे वडील गवंडी आहेत आणि आई वीस वर्षे बांधकामावर बिगारी आहे. एका माणसाच्या एका दिवसात किती काम निघते ती उत्पादकता, असे मी घरी सांगितले तेव्हा आबा म्हणाले, “ते तर मुकादम रोजच मोजतो.”

बांधकामाच्या धंद्यात नवी पद्धत रुजत नाही याचे कारण मजुरांचे अडाणीपण, असे पुष्कळांना वाटते. मलाही वाटत होते.

लॉरी बेकर (१९१७–२००७) या वास्तुशिल्पज्ञांनी केरळात ‘रॅट ट्रॅप बाँड’च्या, म्हणजे उंदीरसापळा पद्धतीच्या भिंती प्रचारात आणल्या. नेहमीच्या भिंतीत विटा निजवतात, येथे त्या कडेवर उभ्या करतात. आमच्याकडची वीट साधारण ९ × ४ × ३ इंचांची. दोन्ही तोंडांना ३-३ इंच जाडीच्या विटा, मध्ये ३ इंच पोकळी आणि दोन्ही बाजू सांधणारी एक आडवी वीट. भिंत ९ इंचीच राहते, पण सुमारे पाव विटा वाचतात. पोकळीतल्या हवेमुळे उन्हाची धगही आत कमी येते.

हे मी ग्रंथालयातल्या पुस्तकात वाचले आणि उन्हाळ्यात गोठ्याची भिंत घालायची होती तेव्हा आबांच्या मागे लागले. तेव्हा कळले की पुस्तकातली वीट आणि भट्टीतली वीट यांत फरक आहे. आमच्या विटा एकसारख्या नसतात. एरवी तो फरक मालात झाकून जातो, येथे झाकत नाही. पोकळीत माल पडू नये म्हणून फळी धरावी लागते. कोपरे आणि चौकटीच्या बाजू भरीवच घ्याव्या लागतात. दोन दिवसांचे काम चार दिवस चालले. हात बसला की वेळ लागणार नाही, हे आबांनीच सांगितले.

मग कामावर अशी भिंत का घालत नाही? तेथे चौरस फुटाच्या दराने उक्ते काम असते आणि विटा मालकाच्या. हात बसेपर्यंत बुडालेले दिवस गवंड्याचे. भिंत पोकळ वाजते म्हणून मालकाने पाडायला लावली, तर तेही त्याच्याच अंगावर. “वीट वाचली त्याची, दिवस गेला माझा,” आबा म्हणाले. ठेकेदाराने शिकवावे म्हटले तर काम संपताच गवंडी दुसरीकडे जातो, मग त्याने खर्च का करावा? सरकारी कामात दरसूचीबाहेरच्या प्रकाराचा दर निराळा मंजूर करून घ्यावा लागतो, ती यातायात कोण करणार? अडाणी कोण, हा प्रश्न मी त्यानंतर आबांसमोर काढला नाही.

भिंत अर्ध्यावर असताना आईने थापी हातात घेतली. माल किती पातळ हवा हे तिला आबांच्या आधी कळते. वरचे तीन थर तिचे आहेत. आबांनी ओळंबा लावून पाहिला आणि काही बोलले नाहीत. सोमवारी दोघेही कामावर गेले. तिच्या डोक्यावर घमेलेच होते.