जुन्या मोटारीतील स्टिअरिंगचा ढिलेपणा : कारणे व निदानपद्धती

प्रस्तावना :

मोटार जुनी होत जाते तसतसा तिच्या स्टिअरिंगमध्ये ढिलेपणा निर्माण होतो. ही झीज इतकी सावकाश होते की चालकाचा हात नकळत तिच्याशी जुळवून घेतो. त्यामुळे रोज गाडी चालविणाऱ्या मालकालाच हा दोष सर्वांत शेवटी जाणवतो. प्रस्तुत लेखात मारुती 800 या मोटारीच्या आधारे या दोषाची कारणे व निदानाचा क्रम स्पष्ट केला आहे. डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आलेल्या या मोटारीचे उत्पादन 2014 मध्ये थांबले. तथापि, तिच्यातील रॅक-पिनियन स्टिअरिंग व मॅकफर्सन स्ट्रट ही रचना आजच्या बहुतेक लहान मोटारींतही आढळते. म्हणून हे विवेचन त्यांनाही बव्हंशी लागू पडते.

यंत्रणेची रचना :

स्टिअरिंग व्हील फिरविले की त्याच्या दांड्याच्या टोकाचे पिनियन फिरते व दातेरी रॅक डावीकडे किंवा उजवीकडे सरकतो. रॅकच्या दोन्ही टोकांना टाय रॉड असून ते टाय रॉड एंडच्या साहाय्याने चाकाच्या नकलला जोडलेले असतात. नकल खालच्या बाजूस बॉल जॉइंटने लोअर आर्मला व वरच्या बाजूस स्ट्रटला जोडलेला असतो. लोअर आर्म रबरी बुशवर हलतो. यांपैकी प्रत्येक सांध्यातील थोडी थोडी झीज एकत्र येऊन चालकाच्या हाती पोहोचते. म्हणजेच ढिलेपणा जाणवतो एका ठिकाणी, पण त्याचे मूळ अनेक ठिकाणी असू शकते. निदानातील खरी अडचण हीच आहे.

लक्षणे :

चाके सरळ ठेवून व्हील बोटांनी हलविल्यास, पुढची चाके हलू लागण्यापूर्वी ते जितके फिरते तितका ‘प्ले’ समजला जातो. अनेक लहान मोटारींच्या दुरुस्ती-पुस्तिकांत व्हीलच्या कडेवर मोजलेला सुमारे 30 मिलिमीटरपर्यंतचा प्ले ग्राह्य मानला जातो. याशिवाय सरळ रस्त्यावर गाडी भरकटणे, खड्ड्यातून जाताना ‘खट्’ असा आवाज येणे, ब्रेक लावताच गाडी एका बाजूस ओढली जाणे आणि टायर असमान झिजणे ही प्रमुख लक्षणे होत.

तपासणीचा क्रम :

सर्वप्रथम टायरमधील हवा व चाकांचे नट तपासावेत. हवा कमी असली तरी स्टिअरिंग सैल भासते. त्यानंतर गाडी जमिनीवर असतानाच साहाय्यकाने व्हील थोडे थोडे डावीकडे-उजवीकडे हलवावे व निरीक्षकाने दांड्याच्या सांध्यापासून टाय रॉड एंडपर्यंत प्रत्येक जोडावर बोट ठेवून पाहावे. जोडाचा एक भाग हलतो व दुसरा उशिरा हलतो, तेथे झीज असते. रॅकची संपूर्ण नळीच बाजूला सरकत असल्यास तिच्या पकडीचे बोल्ट सैल झालेले असतात किंवा तिचे रबर खराब झालेले असते.

दुसऱ्या टप्प्यात सपाट जागी हँडब्रेक लावून, मागील चाकांना अडण देऊन पुढची बाजू उचलावी व ती स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली कदापि जाऊ नये. घड्याळातील 12 व 6 च्या जागी चाक धरून हलविल्यास जाणवणारा प्ले बेअरिंगचा किंवा बॉल जॉइंटचा असतो. साहाय्यकाने ब्रेक दाबताच तो नाहीसा झाल्यास दोष बेअरिंगचा समजावा. कारण ब्रेक दाबल्याने हब नकलशी जखडला जातो. तो कायम राहिल्यास बॉल जॉइंट किंवा स्ट्रट तपासावा. केवळ 3 व 9 च्या जागी प्ले जाणवल्यास तो बहुधा टाय रॉड एंडचा किंवा रॅकच्या आतील सांध्याचा असतो. शेवटी टायरखाली पहार घालून चाक हलकेच उचलावे. बॉल जॉइंट झिजलेला असल्यास त्यातील उभी हालचाल दिसते. लोअर आर्मचे बुशही पहारीनेच तपासता येतात.

निदानातील सामान्य चुका :

पहिली चूक म्हणजे प्ले दिसताच रॅकचा समायोजक स्क्रू आवळणे. गाडी अधिक काळ सरळ चालत असल्याने रॅक मध्यभागी जास्त झिजतो. मध्यभागाचा ढिलेपणा जाईल इतका स्क्रू आवळला की कमी झिजलेल्या टोकांकडे रॅक अडकू लागतो व वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. दुसरी चूक म्हणजे झिजलेले सांधे तसेच ठेवून व्हील अलाइनमेंट करणे. सैल सांध्यांवर केलेले माप टिकत नाही. म्हणून अलाइनमेंट दुरुस्तीनंतरच करावे. तिसरी चूक म्हणजे नवा सांधा बसविताना जुनीच स्प्लिट पिन पुन्हा वापरणे.

निष्कर्ष :

ज्या सांध्याची हालचाल डोळ्यांनी पाहिली नाही, तो सुटा भाग बदलू नये आणि ज्याची पाहिली, तो बदलण्यास विलंब करू नये, हे या निदानपद्धतीचे सार होय. टाय रॉड एंड निसटल्यास ते चाक चालकाच्या ताब्यात राहत नाही आणि बॉल जॉइंट निसटल्यास चाक बाहेर झुकून गाडी खाली बसते. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांनी व त्यापुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरणास येते. दोन तपासण्यांमधील काळाची जबाबदारी मात्र मालकावरच असते. वरील तपासणीसाठी एक साहाय्यक, जॅक, स्टँड, पहार आणि अर्धा-पाऊण तास एवढेच पुरेसे आहे.