पिकाची तहान आणि पाण्याचा हिशेब



खडकवासल्याचे पाणी पुण्याच्या नळांना येते आणि तेच कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतांतही जाते. तेव्हा पिकाला पाणी किती लागते, हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याचा नाही. तो आपल्याही घागरीचा आहे.

पीक मुळांनी पाणी ओढते व पानांवाटे हवेत सोडते. ओल्या जमिनीवरूनही पाणी उडते. या दोहोंची बेरीज म्हणजे पिकाची गरज. ती अजमावण्याची एक सोपी रीत आहे. उघड्या बाष्पीभवन-पात्रातले पाणी दिवसात किती उतरले ते पाहावे. उन्हाळ्यात ते १० मिलिमीटर उतरले असे समजा. पात्रातले पाणी शेतापेक्षा अधिक उडते, म्हणून या आकड्याला साधारणपणे ०.७ ने गुणावे, ७ आले. हे हवेचे मागणे झाले. आता पिकाचे वय पाहावे. कोवळ्या उसासाठी याला सुमारे ०.४ ने गुणतात, भर वाढीच्या उसासाठी १.२५ ने. हेक्टरभर जमिनीवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. म्हणजे त्याच शेतात, तसल्याच उन्हात, कोवळ्या उसाला दिवसाला २८,००० लिटर पुरतात आणि वाढलेल्याला ८७,५०० लिटर लागतात. पाऊस झाला तर तो वजा करावा. पाटाचारीत मुरते त्याची भर घालावी: शंभरातले साठच मुळांशी पोचत असतील, तर ८७,५०० साठी जवळजवळ १,४६,००० लिटर सोडावे लागतात.

पाळी किती दिवसांनी द्यावी, हे जमीन सांगते. काळी जमीन ओल धरते. मुरमाड जमिनीला थोडे थोडे पण लवकर द्यावे लागते. शेतकऱ्याचा ‘वापसा’ हा शब्द मोलाचा आहे: मातीत ओलही असावी आणि हवाही. जास्त पाण्याने वापसा मोडतो, मुळे गुदमरतात, निचरा नसेल तर जमीन क्षारपड होते.

आम्ही कामगार हजेरीचा आणि मजुरीचा हिशेब मागतो, कारण हिशेब नसला की बळी तो कान पिळी. पाण्याचेही तेच आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, तर माणशी अर्ध्या एकरापुरते ठरले. भूमिहीनालाही हक्क मिळाला आणि ऊस वर्ज्य झाला. पिकाची तहान ठाऊक असली, तरच असे वाटप करता येते. पाणी वाढवणे आपल्या हाती थोडे आहे. मोजून वाटणे मात्र पुरते आपल्या हाती आहे.