झोपेचा हिशेब (भाग ७) : चार्जर स्वयंपाकघरात

गेल्या आठवड्यात आपण मेलाटोनिनबद्दल वाचलं. अंधार पडला की मेंदू ते सोडू लागतो आणि रात्र झाल्याची वर्दी साऱ्या शरीराला मिळते. तो भाग वाचून एका आईने विचारलं, 'हे सगळं पटलं. पण मोबाइल काढून घेतला तर मुलीच्या झोपेत खरंच फरक पडतो का? की घरात नुसतीच भांडणं होतात?'

भांडणं होतात. आणि फरकही पडतो. किती पडतो, हेही मोजलं गेलं आहे.

इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या कोलचेस्टर इथे स्टॅनवे स्कूल नावाची शाळा आहे. तिथल्या बारा-तेरा वर्षांच्या काही मुलांनी २१ दिवस स्मार्टफोन पूर्णपणे बाजूला ठेवला. प्रयोग चॅनल ४ या वाहिनीच्या माहितीपटासाठी होता, पण मोजमाप यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी केलं. डिसेंबर २०२४ मध्ये निष्कर्ष बाहेर आले. आधीच्या आठवड्यात ही मुलं सरासरी रात्री ११ वाजून २ मिनिटांनी अंथरुणावर पडत होती, फोन नसताना ती १० वाजून १२ मिनिटांनी पडू लागली. पडल्यावर झोपही आधीपेक्षा २० मिनिटं लवकर लागू लागली. दोन्ही मिळून रोज साधारण तासभर झोप वाढली. २१ दिवसांत २१ तास, म्हणजे जवळजवळ अडीच रात्रींची झोप त्या मुलांना परत मिळाली. उदासपणाच्या तक्रारी १७ टक्क्यांनी आणि चिंतेच्या १८ टक्क्यांनी कमी झाल्या.

याच प्रयोगात मुलांची एकाग्रता मात्र वाढलेली दिसली नाही आणि स्मरणशक्तीत पडलेला फरकही अगदी थोडा होता. मला हे मुद्दाम सांगायचं आहे, कारण आपल्याकडे मोबाइल काढून घेण्यामागे बहुतेक वेळा मार्कांचा विचार असतो. महिना झाला तरी टक्के वाढले नाहीत की पालक निराश होतात आणि फोन परत मुलांच्या हातात येतो. पहिला लाभ टक्क्यांत दिसत नाही. तो सकाळी उठताना मुलाच्या चेहऱ्यावर दिसतो. तिथेच पाहा.

फोन हातात असताना झोपेचा हा तास जातो कुठे? बहुतेक जण पडद्याच्या निळसर प्रकाशाकडे बोट दाखवतात. त्यात तथ्य आहे. हार्वर्डशी संलग्न असलेल्या बोस्टनच्या रुग्णालयात बारा तरुणांना पाच रात्री झोपण्याआधी चार-चार तास आयपॅडवर पुस्तक वाचायला दिलं आणि आणखी पाच रात्री छापील पुस्तक. आयपॅडच्या रात्री मेलाटोनिन निम्म्याहून जास्त दबलं आणि शरीराचं घड्याळ सुमारे दीड तास मागे पडलं. पण झोप लागायला किती वेळ जास्त लागला? सुमारे दहा मिनिटं. तेही चार तास पूर्ण उजेडाच्या मोठ्या पडद्यासमोर बसल्यावर. म्हणजे प्रकाश दहा मिनिटं खातो. मग उरलेली पन्नास कोण खातं?

माझ्या मते, ती खातो न संपणारा मजकूर. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं. मालिकेचा भाग संपला की आई टीव्ही बंद करते. पत्त्यांचा डाव संपला की कोणीतरी जांभई देतं. रील्सना मात्र शेवट नाही, त्यामुळे 'आता पुरे' म्हणण्याची जागाच येत नाही. त्यातच मित्रांच्या ग्रुपवर कोणीतरी जागं असतंच. आपण झोपलो आणि तिथे आपल्याविषयी काही बोलणं झालं तर, ही धास्ती पंधरा-सोळाच्या वयात फार मोठी असते. शिवाय किशोरवयात झोपेचं नैसर्गिक घड्याळ मुळातच एक-दोन तास उशिरा चालतं. मूल दहाला ताजंतवानं दिसतं ते लबाडी करत नसतं, त्याच्या शरीरात रात्र अजून पूर्ण झालेली नसते. अशा वेळी हातात फोन असला तर आधीच लांबलेली झोप मध्यरात्रीपलीकडे जाते. आणि शाळा सातची. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे सहाला उठणाऱ्या मुलाने रात्री दहाला झोपलंच पाहिजे, हा साधा हिशेब आहे. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊ वाजता किंवा त्यानंतर भरवण्याचा आदेश काढला, तो मुलांच्या अपुऱ्या झोपेमुळेच. पाचवीपासूनची मुलं त्या आदेशात नव्हती.

शाळेत मोबाइलबंदी केली की प्रश्न सुटेल, असं अनेकांना वाटतं. बर्मिंगहॅम विद्यापीठाने इंग्लंडमधल्या ३० शाळांमधल्या १,२२७ मुलांची पाहणी करून फेब्रुवारी २०२५ मध्ये निष्कर्ष मांडले. बंदी असलेल्या आणि नसलेल्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक आढळला नाही. झोपेतही नाही. कारण दिवसभरातला एकूण वापर जवळपास तेवढाच राहिला होता. शाळेत वाचलेला वेळ घरी भरून निघत होता. मात्र ज्यांचा एकूण वापर जास्त, त्यांची झोप आणि मन:स्थिती वाईट, हे त्याच पाहणीत दिसलं. शाळा सहा-सात तास सांभाळेल. रात्र घरानेच सांभाळायची आहे.

फोन अजिबात नको, असं माझं म्हणणं नाही. कॉलेजातल्या मुलांना ते शक्यही नाही. ऑस्ट्रियातल्या क्रेम्स इथल्या विद्यापीठाने १११ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. त्यातल्या एका गटाला तीन आठवडे दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त स्मार्टफोन वापरायचा नव्हता. तेवढ्याने नैराश्याची लक्षणं २७ टक्क्यांनी घटली, ताण १६ टक्क्यांनी कमी झाला आणि झोपेचा दर्जा १८ टक्क्यांनी सुधारला. तीन आठवडे संपले तसा वापर झपाट्याने पूर्वपदावर गेला. एकट्याच्या निर्धाराला कोणाची साथ नसली की असंच होतं, असं मला वाटतं.

साथ कशी असते, ते सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने दाखवलं. ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही नि मोबाइल बंद होतात. साडेआठला दुसरा भोंगा होतो. सुरुवातीला लोकांना हे जमेलसं वाटत नव्हतं. तेव्हा आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. तो वेळ अभ्यासाचा आणि गप्पांचा आहे, झोपेचा नाही. पण तिथे एकट्या मुलाला 'तू ठेव' असं कोणी म्हणत नाही, सगळेच ठेवतात. हे मला फार मोलाचं वाटतं.

माझ्या बहिणीच्या घरी यंदा दिवाळीनंतर असाच एक नियम सुरू झाला. रात्री साडेनऊला सगळे फोन स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारच्या बोर्डावर. अकरावीतल्या भाचीचा पहिला प्रश्न होता, 'गजर कसा लावू?' तो खरा होता, म्हणून बाजारातून साधं गजराचं घड्याळ आणलं. दुसरा प्रश्न तिने वडिलांना विचारला, 'बाबा, तुमचा?' मेव्हण्यांना ऑफिसच्या ग्रुपची सबब होती. दोन रात्री त्यांचा फोन उशाशीच राहिला आणि त्या दोन्ही रात्री भाचीने आपला फोन परत नेला. तिसऱ्या रात्री त्यांनी स्वतःहून आणून ठेवला. मी तेव्हा तिथेच मुक्कामाला होते. अकराच्या सुमारास भाची पाणी प्यायला उठली, बोर्डापाशी थांबली, पडद्यावर लागलेला दिवा पाहिला, पेला भरला आणि खोलीत गेली. पुढे तीन-चार रात्री तिची ही फेरी होत राहिली, मग बंद झाली. महिन्याने बहीण फोनवर म्हणाली, 'ताई, आता सकाळी हाक एकदाच मारावी लागते.'

म्हणून विचारणाऱ्या त्या आईला माझं उत्तर असं. मुलीचा फोन काढून घेऊ नका. घरातले सगळे फोन एका जागी ठेवा, सुरुवात स्वतःच्या फोनपासून करा आणि गजराचं एक घड्याळ विकत आणा. तीन आठवडे झाल्यावर काय झालं ते मला कळवा, नाही जमलं तर तेही कळवा. पुढच्या भागात दहावी-बारावीच्या परीक्षेआधीच्या जागरणांविषयी.