साबर बोंडांची गोडी

निवडुंगाचें लाल बोंड सहसा कोणी तोडीत नाहीं; कुसळें बोटांत शिरतात. तीं घासून काढलीं, कीं आंतला गर गोड लागतो. रोहन परशुराम कानवडे यांनीं आपल्या पहिल्या दीर्घ मराठी चित्रपटास ‘साबर बोंडं’ हेंच नांव दिलें.

मुंबईच्या झोपडपट्टींत, एका खोलीच्या घरांत ते वाढले. वडील मोटारचालक. शिक्षण गृहसजावटीचें, चित्रपटकला ते लघुपट करीत करीत स्वतःच शिकले. आपण समलिंगी आहों, हें ते उघड सांगतात. वडील वारल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठीं ते गांवीं गेले, तों नातलगांनीं लग्नाचा लकडा लावला. त्या कोंडमाऱ्यांतून कथा सुचली: सुतकांत गांवीं आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या यांच्या प्रेमाची. तींत पार्श्वसंगीत मुळींच नाहीं. २०२५ सालीं अमेरिकेंतील सनडान्स महोत्सवांत परदेशी कथापटांचें सर्वोच्च पारितोषिक तिला मिळालें.

चित्रपटांतली आई मुलाचें सत्य जाणते व त्याच्या पाठीशीं उभी राहते. मीं मात्र वर्षानुवर्षें हजेरी घेतली. कोणाच्या मनांत काय सलतें, हें कधीं विचारलें नाहीं. आपल्या घरीं एखादा मुलगा असें बोलूं लागला, तर आधीं त्याचें ऐकावें. मुहूर्त पाहण्याची घाई करूं नये.