विलंब व निरोध यांची क्रियापदे : इंग्रजी आणि मराठी

एखादे कार्य लांबले किंवा एखादी वस्तू रोखली गेली, हे सांगताना इंग्रजी भाषा साध्या धातूपुढे एक लहानसे अव्यय ठेवते. ‘पुट ऑफ’, ‘होल्ड बॅक’, ‘होल्ड अप’ ही त्याची परिचित उदाहरणे होत. अशा जोडण्या परकीयांना फार अवघड जातात, असे डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी आपल्या १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेतच नमूद केले आहे. ही अव्यये मुळात दिशावाचक आहेत. ‘ऑफ’ने कार्य आपल्यापासून दूर सारले जाते, ‘बॅक’ने वस्तू मागे राहते, ‘होल्ड अप’मध्ये चालती गती वाटेतच खुंटते.

मराठीचा मार्ग निराळा आहे. ती ‘ऊन’-प्रत्ययान्त धातुसाधितापुढे दुसरा धातू योजते. मो. के. दामले यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त संयुक्त क्रियापदांचा विचार केला आहे. आपल्या विषयापुरते पाहावयाचे तर हा दुसरा धातू दिशा दाखवीत नाही. तो कर्त्याचा कार्याशी असलेला संबंध दाखवितो. मूल परिसरातील धानशेतीची भाषा घ्यावी. बोडीत पाणी ‘अडवून ठेवतात’, कारण ते पुढे बांधीला द्यावयाचे असते. पुराच्या वेळी मात्र बोडीची पाळ पाणी ‘थोपवून धरते’. ‘ठेवणे’ यात पुढील उपयोगाची तरतूद आहे, तर ‘धरणे’ यात समोरून येणाऱ्या जोराशी चाललेली झुंज आहे. इंग्रजीत या दोन्ही ठिकाणी ‘होल्ड बॅक’ चालू शकते.

याहून महत्त्वाचा भेद उत्तरदायित्वाचा आहे. धान विकल्यानंतर शेतकऱ्याचे चुकारे ‘अडकून पडले’ असे म्हटले, की दोष कोणाचाच राहत नाही. ‘अडवून ठेवले’ म्हणताच अडविणारा कोण, हा प्रश्न उभा राहतो. ‘रोवणी लांबली’ आणि ‘रोवणी लांबवली’ यांतही हेच अंतर आहे : पहिलीत पाऊस कारण असू शकतो, दुसरीत कोणाचा तरी निर्णय असतो. इंग्रजी ‘हेल्ड अप’ बहुधा पहिल्या अर्थाकडे झुकते, ‘हेल्ड बॅक’ दुसऱ्या. दोहोंसाठी सरसकट ‘रखडले’ असा एकच शब्द योजणारा भाषांतरकार नकळत एका पक्षाची बाजू घेतो.

दिशेच्या बाबतीत मात्र मराठी विद्यार्थ्याने विशेष सावध असावे. आपण परीक्षा ‘पुढे ढकलतो’ तेव्हा ती उशिरा होते; परंतु इंग्रजीत ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हटल्यास ती आधीच घेतली जाते. शब्दशः भाषांतर करणाऱ्याची परीक्षा हुकण्याचा संभव आहे. त्याचप्रमाणे ‘पुट ऑफ’ म्हणजे तहकूब करणे आणि ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे. अव्यय एकच, पण एकात आशा शिल्लक राहते, दुसऱ्यात राहत नाही.

म्हणून अशा क्रियापदांचे भाषांतर करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : कार्य थांबले की थांबविले? आणि ते पुन्हा व्हावयाचे आहे की नाही? यांची उत्तरे हाती आली, म्हणजे योग्य मराठी धातू शोधणे कठीण जात नाही.