विश्लेषण : स्पर्धेच्या नोंदणीचा फॉर्म टप्प्याटप्प्याने का भरून घ्यावा?

थंडी पडली की धावण्याच्या स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. पूर्वी मोठ्या शहरांपुरत्या असलेल्या या स्पर्धा आता तालुक्याच्या गावीही होतात. रोटरीचा क्लब, व्यायामशाळा, महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी, गणेश मंडळ यांपैकी कुणीतरी पुढाकार घेते आणि नोंदणीची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागते. ती उघडली की एकाच पानावर नाव, पत्ता, जन्मतारीख, रक्तगट, टी-शर्टचा आकार, आधार क्रमांक, आजारांची यादी, पालकांची संमती आणि शुल्क भरल्याच्या पावतीचा फोटो अशी लांबलचक रांग दिसते. निम्मे लोक ‘नंतर भरू’ म्हणून ती बाजूला ठेवतात. उरलेल्यांपैकी बरेच जण मिळेल ते टाकून मोकळे होतात. आयोजकांकडे शेवटी यादी जमते, पण ती कितपत खरी आहे, हे स्पर्धेच्या सकाळी कळते. फॉर्मची रचना हा म्हणूनच केवळ दिसण्याचा मुद्दा राहत नाही. प्रसंगी तो धावपटूच्या जिवाशीही जोडलेला असतो.

टप्प्याटप्प्याचा फॉर्म म्हणजे नेमके काय?

सगळे प्रश्न एकाच पानावर न मांडता ते गटांत विभागायचे, एक गट भरून झाला की पुढचा दाखवायचा आणि आधीच्या उत्तरावरून पुढे काय विचारायचे ते ठरवायचे. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशामुळे राज्यातील पालकांना ‘भाग एक’ आणि ‘भाग दोन’ ही विभागणी ठाऊक आहे : आधी विद्यार्थ्याची माहिती, मग महाविद्यालयांचे पसंतीक्रम. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळांसाठी तेथील डिजिटल विभागाने ‘एका पानावर एकच गोष्ट’ असे सूत्रच ठरवले आहे. त्याचा अर्थ एका पानावर एकच रकाना असा नाही. एका पानावर एकाच विषयाचे प्रश्न असावेत, एवढाच त्याचा आशय. पत्त्याचे चार रकाने मिळून एक गोष्ट होते, पण पत्ता आणि रक्तगट एकत्र येत नाहीत.

याचा सर्वांत मोठा फायदा मोबाइलवर दिसतो. संगणकावर लांब पान चालून जाते. सहा इंची पडद्यावर मात्र ‘सबमिट’ दाबल्यावर वर कुठेतरी लाल अक्षरांत चूक दाखवली जाते आणि ती शोधत बोट फिरवावे लागते. टप्पे असले की चूक त्याच पानावर सापडते.

लांब पानाचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. काय काय लागणार, हे सुरुवातीलाच दिसते. टप्प्यांच्या फॉर्ममध्ये पाचव्या पानावर अचानक ‘फोटो जोडा’ आले की माणूस वैतागतो. म्हणून पहिल्या पानावर एकही प्रश्न नसावा. किती वेळ लागेल, काय जवळ ठेवावे, शुल्क किती आणि अडचण आल्यास कुणाला फोन करायचा, एवढेच तेथे लिहावे.

एका रकान्याची किंमत किती?

‘असू द्या, पुढे उपयोगी पडेल’ या भावनेने रकाने वाढत जातात. प्रवास आरक्षणाच्या एक्सपीडिया या अमेरिकी कंपनीचा किस्सा या क्षेत्रात नेहमी सांगितला जातो. तिच्या पैसे भरण्याच्या पानावर ‘कंपनी’ असा एक ऐच्छिक रकाना होता. काही ग्राहकांना वाटले, बँकेचे नाव विचारले आहे. त्यांनी ते लिहिले आणि मग पत्त्याच्या जागी घरचा पत्ता न देता बँकेचा दिला. पत्ता जुळेना, व्यवहार फसू लागले. तो एक रकाना काढल्यावर वर्षाला १ कोटी २० लाख डॉलरचा फायदा झाल्याचे कंपनीने सांगितले होते. रकाना ऐच्छिक होता, हे येथे विशेष. सक्ती नसलेला प्रश्नही लोकांची दिशा चुकवू शकतो.

गावातल्या दौडीच्या फॉर्ममध्ये असे रकाने सहज सापडतात. ‘व्यवसाय’ कशासाठी? ‘वैवाहिक स्थिती’ कशासाठी? वयोगट ठरवण्यासाठी जन्मतारीख घेतली असेल, तर ‘वय’ वेगळे विचारायचे कारण नाही. दोन्ही विचारले की दोन्ही जुळत नाहीत आणि कोणते खरे धरायचे, हा नवा प्रश्न उभा राहतो. प्रत्येक रकान्यापुढे ‘हे कोण वापरणार आणि केव्हा?’ असे लिहून पाहावे. टी-शर्टचा आकार शिंप्याकडे किंवा पुरवठादाराकडे जाणार आहे, रक्तगट वैद्यकीय पथकाकडे. ज्याच्यापुढे कुणाचेच नाव लिहिता येत नाही, तो रकाना काढून टाकावा.

आरोग्याचे प्रश्न कसे विचारावेत?

‘तुम्हाला काही आजार आहे का? असल्यास लिहा’ हा प्रश्न जवळपास निरुपयोगी आहे. रक्तदाबाची गोळी रोज घेणारा माणूसही येथे बिनदिक्कत ‘नाही’ लिहितो, कारण गोळीमुळे रक्तदाब ‘नॉर्मल’ असतो आणि तो स्वतःला आजारी समजत नाही.

कॅनडात १९७०च्या दशकात व्यायाम सुरू करण्यापूर्वी भरण्याची एक प्रश्नावली तयार झाली. ‘पार-क्यू’ या नावाने ती जगभर वापरली जाते. तिची सुधारित आवृत्ती, ‘पार-क्यू प्लस’, हा टप्प्यांच्या फॉर्मचा कागदावरचा उत्तम नमुना आहे. पहिल्या पानावर हो-नाही स्वरूपाचे सातच प्रश्न आहेत. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे का, छातीत दुखते का, गेल्या १२ महिन्यांत चक्कर येऊन तोल गेला किंवा शुद्ध हरपली का, दीर्घ आजारासाठी सध्या औषधे चालू आहेत का, अशा स्वरूपाचे. सातही उत्तरे ‘नाही’ असतील तर मधली दोन पाने सोडून थेट चौथ्या पानावर सही करायची. एक जरी ‘हो’ आले तर दुसरे आणि तिसरे पान उघडायचे, तेथे त्या त्या आजाराविषयी तपशील विचारले आहेत. ठणठणीत माणसाला अर्ध्या मिनिटात मोकळे केले जाते आणि ज्याच्याबद्दल खरोखर माहिती हवी, त्याच्यासाठी वेळ राखून ठेवला जातो.

‘आजार आहे का’ असे न विचारता ‘औषध चालू आहे का’ असे विचारले की गोळी घेणारा माणूसही ‘हो’ म्हणतो. ही प्रश्नावली वापरायची असल्यास मात्र ती बदल न करता पूर्ण वापरावी, अशी तिची अट आहे. आयोजकांनी त्यातले सोयीचे तीन प्रश्न उचलून आपल्या फॉर्मला तिचे नाव देऊ नये. ‘हो’ उत्तर आलेल्यांना पुढे काय सांगायचे, तेही डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवावे. माहिती घेतली आणि कुणी वाचलीच नाही, तर ती न घेण्यापेक्षाही वाईट.

फाटा कसा फोडायचा?

बहुतेक मंडळे गुगल फॉर्म वापरतात, कारण तो फुकट आहे आणि उत्तरे थेट तक्त्यात येतात. त्यात प्रश्नांचे ‘सेक्शन’ करता येतात. एका प्रश्नाच्या उत्तरावरून पुढच्या कोणत्या सेक्शनवर न्यायचे, हे ठरवण्याची सोय आहे. ही सोय फक्त एकच पर्याय निवडता येणाऱ्या किंवा यादीतून निवडायच्या प्रश्नांना मिळते, चौकटीत अनेक खुणा करता येतात त्या प्रश्नांना मिळत नाही. जन्मतारखेवरूनही फाटा फोडता येत नाही. म्हणून ‘स्पर्धेच्या दिवशी तुमचे वय १८ पूर्ण असेल का?’ असा हो-नाही प्रश्न वेगळा ठेवावा लागतो.

येथे एक चूक हमखास होते. ‘नाही’ म्हटल्यावर पालकांच्या संमतीचे पान उघडते, ते बरोबर. पण ‘हो’ म्हणणाऱ्याला ते पान ओलांडून कुठे न्यायचे, हे सांगितलेले नसेल तर तोही क्रमाने त्याच पानावर येतो आणि ४५ वर्षांच्या गृहस्थाला वडिलांची संमती मागितली जाते. प्रत्येक सेक्शनच्या शेवटी ‘यानंतर कुठे’ हे तपासावे लागते. फाटे तीनपेक्षा जास्त झाले तर आधी कागदावर बाणांची आकृती काढावी, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी काढतात तशी. शिवाय फाटे असतील तर ‘सातपैकी तिसरे पान’ हा आकडा फसवा ठरतो. तिसऱ्यावरून माणूस एकदम सहाव्यावर जातो. हरकत नाही, पण पहिल्या पानावर तसे लिहून ठेवावे.

आणीबाणीचा संपर्क : सर्वांत महत्त्वाचा, सर्वांत दुर्लक्षित

समजा, आठव्या किलोमीटरला एक धावपटू कोसळला. स्वयंसेवकाने छातीवरचा क्रमांक पाहून यादी काढली, आणीबाणीचा क्रमांक लावला आणि धावपटूच्याच खिशातला फोन वाजू लागला. फॉर्म भरताना त्याने दोन्ही ठिकाणी स्वतःचाच नंबर टाकला होता. दुसरा प्रकार याहून अवघड : नंबर पत्नीचा आहे, पण तीही त्याच स्पर्धेत धावते आहे आणि तिचा फोन गाडीत आहे.

गुगल फॉर्म दोन रकान्यांची उत्तरे एकमेकांशी ताडून पाहू शकत नाही. त्यामुळे ही चूक यंत्राने अडवण्याऐवजी शब्दांनी अडवावी लागते. ‘आणीबाणीचा संपर्क’ एवढेच न लिहिता ‘स्पर्धेच्या दिवशी तुमच्यासोबत धावणार नाही आणि फोन उचलेल, अशा व्यक्तीचे नाव’ असे लिहावे. मग नाते, मग क्रमांक. हे तीन रकाने स्वतंत्र पानावर असावेत. नाव आधी विचारले की माणूस खरोखर कुणाचा तरी विचार करतो. क्रमांक आधी विचारला की बोटांना पाठ असलेला स्वतःचाच नंबर उमटतो. नोंदणी बंद झाल्यावर तक्त्यात दोन्ही रकाने सारखे असलेल्या ओळी शोधून त्या लोकांना फोन करणे, हे एका स्वयंसेवकाचे तासाभराचे काम आहे.

रक्तगटासाठी आठ पर्याय असतात, पण नववा ‘माहीत नाही’ हवाच. तो नसेल तर लोक अंदाजाने काहीतरी निवडतात.

मराठीत फॉर्म करताना काय अडते?

प्रश्न मराठीत लिहिले की काम झाले, असे वाटते. खरी अडचण उत्तरांत येते. मराठी कळफलक वापरणारे मोबाइल क्रमांक देवनागरी अंकांत लिहितात. क्रमांक दहा अंकीच हवा, अशी तपासणी लावली असेल तर ती सहसा फक्त इंग्रजी अंक ओळखते. वापरणाऱ्याने दहा अंक बरोबर लिहिलेले असतात आणि समोर ‘चुकीचा क्रमांक’ असे दिसते. सूचनेत ‘इंग्रजी अंकांत लिहा’ असे शब्द असले की प्रश्न मिटतो. चूक दाखवणारा मजकूर आयोजकांना स्वतः लिहिता येतो, पण तो लिहिण्याची तसदी फार थोडे घेतात.

नावाचेही तसेच. आपल्याकडे स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि मग आडनाव, असा क्रम. सरकारी कागदांची सवय असलेले आडनाव आधी लिहितात. प्रमाणपत्रावर नाव छापायचे असेल तर ‘प्रमाणपत्रावर जसे हवे तसे पूर्ण नाव’ असा एकच रकाना अधिक खात्रीचा.

आणि एका घरात एकच स्मार्टफोन असतो, हे विसरू नये. ‘एका व्यक्तीचा एकच प्रतिसाद’ अशी अट लावली की गुगल खात्यातून प्रवेश करणे सक्तीचे होते आणि आईच्या फोनवरून दोन मुलांची नोंद होत नाही. फाइल जोडण्याचा प्रश्न ठेवला तरीही खात्याची सक्ती येतेच.

कायदा काय सांगतो?

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संसदेने २०२३ मध्ये मंजूर केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. कायद्यातील ‘व्यक्ती’च्या व्याख्येत नोंदणी नसलेला लोकांचा गटही येतो, त्यामुळे ‘आमचे तर साधे मंडळ आहे’ ही सबब पुरणार नाही.

माहिती कशासाठी घेतली जात आहे, हे सोप्या भाषेत सांगावे लागते. ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, मराठी त्यात आहेच. संमती घेतली तरी ती त्या कामासाठी आवश्यक माहितीपुरतीच धरली जाते. कायद्याने याचे उदाहरणही दिले आहे : दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधील संपर्क यादी मागितली आणि वापरणाऱ्याने होकार दिला, तरी यादी त्या सेवेसाठी गरजेची नसल्याने तो होकार यादीला लागू होत नाही. दौडीच्या फॉर्ममधील आधार क्रमांकाचा याच कसोटीवर विचार करावा. वयाचा पुरावा हवा असेल तर तो क्रमांक वाटपाच्या वेळी प्रत्यक्ष पाहता येतो, साठवण्याची गरज नसते.

१८ वर्षांखालील प्रत्येक जण या कायद्याने ‘मूल’ आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. ‘मी पालकांची परवानगी घेतली आहे’ या चौकटीत मुलानेच खूण करणे, ही ती संमती नव्हे.

लिंक पाठवण्यापूर्वी काय पाहावे?

फॉर्म बनवणाऱ्याने स्वतः तो तपासू नये, कारण त्याला सगळी उत्तरे ठाऊक असतात. पन्नाशीपुढचा एखादा धावपटू, एक शाळकरी मूल आणि मराठी कळफलक वापरणारी एखादी गृहिणी अशा तिघांच्या हातात फोन देऊन काही न सांगता बघत बसावे. ते जेथे थांबतात, तेथील शब्द बदलावेत. उत्तरांचा गोषवारा भरणाऱ्यांना दाखवण्याचा पर्याय बंद आहे ना, हेही पाहावे, नाही तर एकाचा आजार दुसऱ्याला वाचता येतो. तक्ता किती जणांना उघडतो, याचीही यादी असावी. आरोग्याची उत्तरे टी-शर्टच्या पुरवठादाराकडे जाण्याचे काहीच कारण नाही, त्याला आकारांची बेरीज पुरते.

शर्यतीच्या आदल्या रात्री छातीवरचा क्रमांक, नाव, रक्तगट, औषधे आणि आणीबाणीचा संपर्क एवढेच रकाने असलेली यादी छापून वैद्यकीय तंबूत आणि रुग्णवाहिकेत ठेवावी. घाटातल्या रस्त्यावर नेटवर्क असेलच असे नाही. स्पर्धा संपली की या छापील प्रती मोजून परत घ्याव्यात आणि फाडून टाकाव्यात.