वास गेला म्हणजे रोग गेला का?

वर्षावास सुरू झाला की आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांत विहारात संध्याकाळी ग्रंथवाचनाला गर्दी होते. बाहेर पाऊस कोसळत असतो. झड आत येते म्हणून खिडक्या लावलेल्या असतात, समोर अगरबत्त्यांचा जुडगा पेटलेला असतो. अशा वेळी पुढच्या रांगेत बसलेली एखादी आजी पदर नाकाला लावून खोकते. कुणी म्हणतं, "धुरानं हवा शुद्ध होते, बसा." हे खरं आहे का, ते या वेळी आम्ही तपासून पाहणार आहोत.

घाण वास हाच रोग, अशी समजूत जगभर फार जुनी होती. सतराव्या शतकात युरोपातले काही डॉक्टर प्लेगच्या रोग्याकडे जाताना चोचीसारखा मुखवटा घालत आणि त्यात सुगंधी वनस्पती भरत. १७७३ साली फ्रान्समधल्या दिजाँ शहरात एका चर्चमध्ये पुरलेल्या प्रेतांची दुर्गंधी सुटली. तेव्हा गितों द मोर्वो या रसायनशास्त्रज्ञाने मीठ आणि गंधकाम्ल एकत्र करून निघालेल्या आम्लाच्या वाफेने ती घालवली. पुढे इंग्लंडचे सर्जन जोसेफ लिस्टर यांनी १८६५ पासून जखमेवर कार्बोलिक ॲसिड वापरलं आणि १८७१ च्या सुमारास ऑपरेशनच्या वेळी हवेतही त्याचा फवारा सुरू केला. पण हवेपेक्षा हात आणि हत्यारं स्वच्छ असणं महत्त्वाचं, हे दिसून आल्यावर त्यांनी स्वतःच तो फवारा सोडून दिला. आपली चूक जाहीरपणे मान्य करण्याचं हे धैर्य आम्हाला मोलाचं वाटतं.

आपल्याकडे हा प्रयोग माणसांच्या घरांवर झाला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. मग बंबांनी घराघरांत कार्बोलिक मारलं गेलं, भिंतींना चुना लावला गेला, ऊन यावं म्हणून कौलं काढली गेली, गरिबांचं सामानसुमान जाळलं गेलं. हजारो माणसं मुंबई सोडून गावाकडे निघाली. प्लेगचा जंतू १८९४ सालीच सापडला होता, पण तो पसरतो कसा हे कळलं नव्हतं. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिलं की, उंदरांच्या अंगावरच्या पिसवा हा रोग माणसाला देतात. म्हणजे फवारा वासावर आणि हवेवर चालला होता, पिसवा मात्र उंदरांबरोबर पुढच्या घरात जात होत्या. त्याच साथीत मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीमाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या.

'शुद्ध' हा शब्द आपण जपून वापरला पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याचे १०८ घडे ओतून तळं 'शुद्ध' केलं. त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, त्याची कुणाला अडचण नव्हती. ती शुद्धी जातीची होती, तिचा आरोग्याशी संबंध नव्हता. म्हणून कुणी काही 'शुद्ध होतं' म्हणालं, तर नेमकं काय जातं आणि कशानं जातं, हे आपण विचारावं. कारण शोधल्याशिवाय दुःखावर उपाय नाही, ही तथागतांचीच शिकवण आहे.

आता आपल्या घराकडे या. अगरबत्तीने वास झाकला जातो, पण क्षयाचा जंतू मरत नाही. उलट धूर फुप्फुसात जातो. डासांच्या एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळलं. बंद खोलीत बाळाच्या उशाशी कॉइल लावणं थांबवा, मच्छरदाणी लावा. कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्यांमुळे काही तान्ह्या बाळांच्या रक्तपेशी फुटून कावीळ होते. ते कपडे धुऊन, उन्हात वाळवूनच घाला.

फिनेल फरशीसाठी आहे. ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवू नका, मुलं पितात. ब्लिचिंग पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. सफाईचं काम करणाऱ्या आपल्या बांधवांच्या हाती नुसती फिनेलची बाटली दिली जाते. हातमोजे आणि बूट हा त्यांचा हक्क आहे, तो मागा.

हवेसाठी सर्वात स्वस्त उपाय म्हणजे समोरासमोरच्या दोन खिडक्या. वारा खेळला की खोकल्यातून हवेत आलेले जंतू विरळ होतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालीच सांगितलं होतं की, धुरीवर विसंबू नका, वास ज्या वस्तूचा येतो ती वस्तू बाहेर काढा. भिंतीला ओल असेल तर गळतं कौल आधी बदला. सुकटीचा वास मात्र रोगाचा नाही, त्याची लाज बाळगू नका. डबा घट्ट लावला की पुरे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, तपासणी आणि औषध मोफत आहे.

वंदनेला धूप अर्पण करायला आमची हरकत नाही. एकच अगरबत्ती लावा, खिडकीजवळ ठेवा, वंदना झाली की विझवा. आणि पुढच्या पावसाआधी विहार समितीने खिडक्यांवर पत्र्याचं छोटं छप्पर करून घ्यावं, म्हणजे झड आत येणार नाही आणि वाचन संपेपर्यंत खिडक्या उघड्या राहतील.

जय भीम!